दोन अक्षरांत राजवाडे सापडावेत

कुलगुरू, कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जळगाव यांना खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय,



मागणी आधी सांगतो, कारणे मागाहून. खानदेशाविषयीच्या संदर्भग्रंथांची, लेखांची आणि कागदपत्रांची एक सामायिक नोंदसूची विद्यापीठाने संगणकावर तयार करावी आणि ती प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याला खुली करावी. ती वापरून लिहिता लिहिताच संदर्भ कसा भरायचा, हे पीएच.डी.च्या कोर्सवर्कमध्ये विद्यार्थ्याला संगणकापुढे बसवून शिकवावे. भुसावळच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी काम करतो. प्रबंध बाइंडिंगला जाण्याआधीच्या दिवसांत संदर्भसूचीपायी मुलामुलींची जी दमछाक होते ती रोज समोर बघतो, म्हणून हे पत्र.

ही सोय नेमकी काय आहे? समजा, एक विद्यार्थिनी खानदेशातल्या भिल्लांवर प्रकरण लिहिते आहे. एका वाक्याला तिला १८८० च्या गॅझेटियरचा आधार द्यायचा आहे. ती @ हे चिन्ह टाइप करते आणि पुढे दोन-तीन अक्षरे. कर्सरखाली एक यादी उघडते. त्या अक्षरांशी जुळणारी, तिने स्वतः नोंदवलेली पुस्तके लेखक, शीर्षक आणि सालासह तिथे दिसतात. बाणाच्या कळीने हवे ते निवडायचे आणि एंटर दाबायचे. मजकुरात एक छोटी खूण बसते, तिच्यापुढे पानाचा आकडा लिहायचा आणि वाक्य पुढे न्यायचे. प्रकरणाची पीडीएफ किंवा वर्ड फाइल काढली की त्या खुणेच्या जागी पूर्ण तळटीप उमटते आणि शेवटी संदर्भसूची आपोआप लागते. मजकुरात ज्याचा उल्लेख नाही ते पुस्तक सूचीत येत नाही आणि ज्याचा उल्लेख आहे ते सूचीतून सुटत नाही. परीक्षक तळटिपा आणि सूची ताडून बघतात, तेव्हा नेमके याच ठिकाणी बोट ठेवतात.

यातले काहीच आजचे नाही. संदर्भांच्या नोंदी एका साध्या फाइलमध्ये वेगळ्या ठेवायच्या आणि मजकुरात फक्त खूण घालायची, ही पद्धत ओरेन पटाश्निक आणि लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८५ साली बिबटेक या प्रणालीत बसवली. विद्यापीठातले गणित-भौतिकशास्त्राचे लोक लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहितात, त्यांना हे सांगायला नको. वंचित राहिले ते मराठी, इतिहास, समाजशास्त्र आणि शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी. गंमत अशी की पुढची साधने त्यांच्यासारख्यांनीच केलेली आहेत. संदर्भांच्या नोंदी ठेवणारे झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर २००६ साली अमेरिकेच्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांच्या केंद्रातून बाहेर आले. साध्या मजकुराची पीडीएफ, वर्ड, वेबपान अशी रूपे करून देणारे पॅनडॉक हे साधन जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहिले. अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिराचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या भागाने हे मुद्दाम लक्षात घ्यावे. संगणकाच्या माणसांचे काम म्हणून ज्याकडे आपण पाठ फिरवली, ते ग्रंथ वाचणाऱ्या माणसांनी स्वतःच्या गरजेतून उभे केले आहे.

मांडणीही अवघड नाही. झोटेरो घ्यायचे आणि त्यात बेटर बिबटेक हे पूरक बसवायचे. आपल्या संग्रहावर राइट क्लिक करून तो एका फाइलमध्ये निर्यात करायचा, आणि निर्यातीच्या चौकटीत 'फाइल अद्ययावत ठेवा' अशा अर्थाचा जो पर्याय असतो त्यावर टिक करायची. ही टिक करायची राहिली की झोटेरोत नवे पुस्तक येते पण लिहिताना उघडणाऱ्या यादीत दिसत नाही, आणि विद्यार्थी दुसऱ्याच दिवशी सगळा नाद सोडून देतो. मग ज्यात लिहायचे त्या एडिटरच्या सेटिंगमध्ये त्या फाइलचा पत्ता द्यायचा. झेटलरसारख्या सोप्या एडिटरला एवढे पुरते. लाटेकमध्ये लिहिणाऱ्यांसाठी व्हीएस कोडमध्ये लाटेक वर्कशॉप आहे, टेक्सस्टुडिओ आहे, आणि जुन्या मुरलेल्या मंडळींचे ईमॅक्स व व्हिम आहेतच. एक खबरदारी मात्र सगळ्यांनी घ्यावी. नोंदींची फाइल पेनड्राइव्हवर ठेवली तर दुसऱ्या संगणकावर ड्राइव्हचे अक्षर बदलते आणि एडिटरला ती सापडत नाही. फाइल प्रकरणांच्याच फोल्डरमध्ये ठेवली आणि पत्ता त्या फोल्डरच्या आतल्या आत दिला, की फोल्डर कुठेही उचलून नेता येतो. जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही हे चालते, कारण मजकूर म्हणजे साधी अक्षरेच. इंटरनेटही लागत नाही. ज्याला वर्ड सोडवत नाही त्याने वर्ड सोडू नये. वर्ड आणि लिबरऑफिसमध्ये झोटेरोची स्वतःची पट्टी येते, तिथले बटण दाबून आडनावाची अक्षरे टाइप केली की तशीच यादी उघडते. मी लाटेकचा प्रचार करायला बसलेलो नाही. संदर्भ हाताने टाइप करण्याची पाळी कुणावर येऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्याकडच्या इतिहासलेखनाला या रीतीची जुनी ओळख आहे. कोणतेही जुने, नीट सिद्ध केलेले मराठी इतिहासाचे पुस्तक उघडा. सुरुवातीला संक्षेप-सूची असते. राजवाड्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या बावीस खंडांसाठी एक लहानसा संक्षेप, सरदेसायांनी पेशवे दप्तरातून निवडून पंचेचाळीस भागांत छापलेल्या कागदांसाठी दुसरा, शिवचरित्र साहित्याला तिसरा. तळटिपेत फक्त संक्षेप, खंडाचा आकडा आणि लेखांक. पूर्ण तपशील एकाच जागी, एकदाच. संगणकावरची खूण याहून वेगळे काही करत नाही. फरक पडला आहे तो कष्टात, कारण संक्षेप पाठ ठेवावा लागत नाही, दोन अक्षरांवरून यंत्र तो पुढे करते. राजवाडे धुळ्यात १९२६ च्या अखेरच्या दिवशी गेले आणि लगेच १९२७ मध्ये तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. पत्र कुठे मिळाले, कुणाच्या दप्तरातले, त्याचा लेखांक कोणता, हे सांगितल्याशिवाय पुढे न जाण्याची शिस्त ज्या माणसाने मराठीत रुजवली, त्याचा संग्रह आपल्या विद्यापीठाच्या हद्दीत आहे. त्या हद्दीतल्या प्रबंधांत राजवाड्यांचाच खंड चुकीचा पडावा, हे मला सहन होत नाही.

आता मूळ अडचण. इंग्रजी लेख वाचणाऱ्या विद्यार्थ्याला नोंद करावीच लागत नाही. लेखावर डीओआय नावाचा कायम क्रमांक असतो. प्रकाशकांनी २००० साली एकत्र येऊन क्रॉसरेफ ही संस्था काढली, तिच्याकडे त्या क्रमांकामागचा सगळा तपशील जमा असतो. झोटेरोत क्रमांक टाकला की लेखक, नियतकालिक, खंड, अंक, पाने क्षणात भरली जातात. अलीकडच्या पुस्तकाचे आयएसबीएनवरून बरेचदा तसेच जमते. म्हणजे यादी उघडण्याची सोय मोफत आहे आणि यादीत जे हवे तेही आयते येते. मराठी जुन्या ग्रंथांचे काय? राजवाडे मंडळाच्या 'संशोधक' त्रैमासिकातल्या एखाद्या जुन्या लेखाला डीओआय कुठून येणार? पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या पुस्तकाला आयएसबीएन नाही. आमच्या कपाटातल्या स्मरणिका, शताब्दी अंक, नगरपालिकेचे अहवाल, रेल्वेच्या जुन्या पुस्तिका यांची तर इंटरनेटवर सावलीही नाही. म्हणून भुसावळचा विद्यार्थी झोटेरो उघडतो, त्यात इंग्रजी दहा नोंदी पटापट येतात, पहिल्याच मराठी पुस्तकापाशी तो अडतो, आणि उरलेला प्रबंध जुन्याच पद्धतीने हाताने टाइप करतो. साधन चांगले आहे, पण त्याच्यात भरायला आपला माल कुणी तयार करून ठेवलेला नाही. हे काम एकट्या विद्यार्थ्याचे नाही, विद्यापीठाचे आहे.

एकट्याने हाताने भरताना काय होते तेही सांगतो. शोधगंगेवर आता प्रबंध सर्वांना वाचता येतात, तेव्हा कुणीही पडताळून बघावे. १८८० चे खानदेश गॅझेटियर एके ठिकाणी कॅम्पबेलच्या नावावर असते, दुसरीकडे मुंबई सरकारच्या, तिसरीकडे नुसतेच 'गॅझेटियर'. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तो बारावा खंड, हे सगळेच लिहितात असे नाही. नंतर राज्य सरकारने काढलेले जळगाव आणि धुळे जिल्ह्यांचे गॅझेटियर त्याच्यात मिसळून जातात. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, त्याआधीचे पुस्तक कोणते आणि नंतरचे कोणते हे वाचकाला उलगडत नाही. अहिराणीवर काम करणारे ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा आधार घेतात. मराठी त्यात सातव्या खंडात आहे आणि खानदेशी नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ल भाषांबरोबर, १९०७ चे छापील. पण 'तिसरा भाग' हे दोन शब्द गळतात आणि परीक्षक नववा खंड मागवतो तर हातात पश्चिमी हिंदीचा भाग येतो. जुन्या मराठी ग्रंथांच्या शीर्षकपानावर शके असते. एकजण तोच आकडा साल म्हणून टाकतो, दुसरा अठ्ठ्याहत्तर मिळवून इसवी सन काढतो, आणि एकाच पुस्तकाची सूचीत दोन पुस्तके होतात.

ज्यांच्या नावाने आपले विद्यापीठ २०१८ पासून ओळखले जाते त्या बहिणाबाईंचेच उदाहरण घ्या. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये निघाले. त्यांच्या आधी सतराव्या शतकात तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई होऊन गेल्या. संदर्भसूचीत नुसते 'बहिणाबाई' असले तर कोणत्या? चौधरी आडनावाखाली शोधायच्या की बहिणाबाई या नावाखाली? सामायिक सूचीत हा निर्णय जाणत्या माणसाने एकदा घेतला, की पुढे लिहिणाऱ्याने 'बहि' टाइप केल्यावर दोघी सालासह वेगवेगळ्या ओळींवर दिसतील आणि गफलत व्हायला जागाच राहणार नाही.

चुका एका जागी थांबतही नाहीत. कॅलिफोर्नियातल्या मिखाइल सिमकिन आणि वाणी रॉयचौधरी या दोन संशोधकांनी २००३ साली एक मोजणी मांडली. एखाद्या गाजलेल्या लेखाच्या उल्लेखात पानाचा किंवा खंडाचा आकडा चुकला, की तीच चूक पुढच्या लेखांतून जशीच्या तशी फिरत राहते. चुकांच्या या पुनरावृत्तीवरून त्यांनी अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा लोकांनीच मूळ लेख वाचलेला असावा. तो आकडा आपल्याकडे लागू करायचा माझा हेतू नाही. पण आधीच्या प्रबंधातून संदर्भ उतरवून घेतला की त्याची चूकही उतरते, हे मी ग्रंथालयात बसून रोज बघतो. यात मुलांची लबाडी फार थोडी असते. मूळ पुस्तक धुळ्याला किंवा पुण्याला असते, जायला वेळ आणि पैसा नसतो, हातात आधीचा प्रबंध असतो, मग त्यातलीच ओळ घेतली जाते.

सोयीचा एक धोकाही मला सांगितला पाहिजे. नोंद चुकीची असेल तर आपोआप भरणारे यंत्र ती चूक प्रत्येक प्रकरणात तितक्याच तत्परतेने पोहोचवते. म्हणून सामायिक सूचीतली प्रत्येक नोंद पुस्तकाचे शीर्षकपान समोर ठेवूनच झाली पाहिजे, इंटरनेटवरून उचलून नाही. ती कोणत्या ग्रंथालयातल्या प्रतीवरून केली तेही नोंदीत लिहिलेले असावे. एक दुरुस्ती केली की ती सगळ्यांकडे पोहोचते, ही याच गोष्टीची चांगली बाजू.

गेल्या काही वर्षांत आणखी एक संकट आले आहे. विद्यार्थी संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला संदर्भ विचारतात आणि ती अस्तित्वातच नसलेली पुस्तके, खऱ्या लेखकांच्या नावावर, पानांच्या आकड्यांसह लिहून देते. दिसायला ती नोंद निर्दोष असते. मराठी ग्रंथांबाबत हे जास्त घडते, कारण तिथे पडताळायला ऑनलाइन फारसे काही नाही. एडिटरमधली यादी याच्या अगदी उलट वागते. ती अंदाज करत नाही. फाइलमध्ये जे नोंदले आहे तेच दाखवते, नसेल तर रिकामी राहते. ज्या विद्यार्थ्याने संदर्भ फक्त अशा तपासलेल्या नोंदींच्या यादीतूनच घ्यायचे ठरवले, त्याच्या प्रबंधात बनावट पुस्तक शिरूच शकत नाही, आणि मार्गदर्शकालाही फाइल उघडून एका बैठकीत सगळे आधार तपासता येतात. एवढ्या एका कारणासाठीही हे काम हाती घ्यावे असे मला वाटते.

मराठीपुरत्या काही गोष्टी आधी मार्गी लावाव्या लागतील, आणि त्यांची जाण असलेला माणूस या कामात हवा. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध अजून जुन्या डीटीपी फाँटांत टाइप होतात. कागदावर अक्षर सुरेख दिसते, पण फाइलच्या पोटात देवनागरी नसतेच, वेगळ्याच संकेतांची माळ असते. तिथे 'राज' टाइप करून राजवाडे सापडणार नाहीत, आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर धड वाचता येत नाही. युनिकोड ही पहिली अट. पण युनिकोडमध्येही दोन खड्डे आहेत. 'ॲकॅडमी'मधला ॲ एका कीबोर्डवर एक अखंड अक्षर म्हणून उमटतो आणि दुसऱ्यावर अ आणि त्यावर चंद्र असा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र वेगळे. गोऱ्हे, कऱ्हाडकर यांसारख्या नावांतला अर्धा र सुद्धा दोन तऱ्हांनी साठवला जातो. नोंद एका तऱ्हेने आणि शोध दुसऱ्या तऱ्हेने झाला की यादी रिकामी येते आणि विद्यार्थ्याला वाटते पुस्तकच नोंदलेले नाही. सामायिक सूचीत अशी सगळी अक्षरे एकाच तऱ्हेने लिहिलेली असली, आणि मजकुरात जाणारी खूण साध्या रोमन अक्षरांत, आडनाव व साल जोडून केलेली असली, की हा घोळ मुळातच टळतो.

वर्णक्रमाचेही तसेच. जुने बिबटेक देवनागरीची सूची नीट लावू शकत नाही. त्याच्या जागी आलेले बायबर हे साधन युनिकोड जाणते आणि त्याला मराठी वर्णक्रमाने सूची लाव असे सांगता येते. झीलाटेक किंवा लुआलाटेकबरोबर ते वापरले की देवनागरी अक्षरजुळणी आणि सूची दोन्ही बिनचूक येतात. मानव्यशाखेच्या मुलांना मात्र सर्वांत मोठा दिलासा मिळेल तो 'तत्रैव'पासून. सलग दोन तळटिपा एकाच पुस्तकाच्या असल्या की दुसरीत तत्रैव लिहायची आपली पद्धत आहे. मार्गदर्शक सांगतात, हा परिच्छेद वर घ्या. परिच्छेद वर जातो, त्याच्याबरोबर तळटीप जाते, आणि तत्रैव आता भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवू लागते. दोनशे पानांच्या प्रबंधात असे किती तत्रैव मोकाट सुटलेले असतात ते वाचणाऱ्यालाच ठाऊक. खुणेच्या पद्धतीत हा शब्द विद्यार्थी लिहीतच नाही, शेवटचा मसुदा तयार होताना यंत्र क्रम बघून तो घालते.

त्यासाठी विद्यापीठाने एक शैलीची फाइल करून द्यावी. झोटेरो आणि पॅनडॉक दोन्ही सीएसएल नावाची एकच शैलीभाषा वापरतात. संपादक, आवृत्ती, खंड, पृष्ठ, तत्रैव यांसाठी मराठी शब्द त्या फाइलमध्ये घालता येतात. विद्यापीठाला संदर्भाची जी रीत मान्य असेल ती या फाइलमध्ये एकदा बसवली, की स्वल्पविराम कुठे आणि कंस कुठे यावर मार्गदर्शक आणि विद्यार्थ्यांचे जे तास जातात ते वाचतील. जाणकार माणसाला हे काम थोड्या दिवसांत जमण्यासारखे आहे.

नियमांत या शिक्षणाला जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस पीएच.डी.च्या कोर्सवर्कसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा, तीस तासांचा अभ्यासक्रम ठरवून दिला. त्याआधी २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्धचे विनियम आले. दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानायचे, त्यापुढे पायरीपायरीने कारवाई, असे ते आहेत. पण त्याच विनियमांत असेही आहे की योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळायची. म्हणजे ज्या मुलाने प्रामाणिकपणे आधार घेतला पण नीट नोंदवला नाही, तो नाहक अडकतो. तीस तासांत चौर्य म्हणजे काय यावर व्याख्याने होतात, ती हवीतच. त्यातला एक पूर्ण दिवस संगणकापुढे, स्वतःच्या विषयाची पहिली वीस पुस्तके नोंदवण्यात आणि एका पानाच्या मजकुरात ती प्रत्यक्ष घालून बघण्यात जावा. तो दिवस प्रवेशानंतर लगेच हवा. प्रबंध लिहून झाल्यावर शिकवून उपयोग नाही, तेव्हा शेकडो संदर्भ नव्याने भरण्याइतका दम कुणात उरलेला नसतो.

आणि त्या दिवशी टायपिंग करणाऱ्यांनाही बोलवा. भुसावळ, जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठेही जा, मराठी प्रबंधांचा मोठा भाग विद्यार्थी स्वतः टाइप करत नाहीत. नोकरी, शेती, घर सांभाळून लिहिणारी ही माणसे हस्तलिखित पाने डीटीपीवाल्याकडे देतात. मराठी टंकलेखनाचे जे कौशल्य त्या छोट्या दुकानांत आहे ते आपल्या अनेक विभागांतही नाही. त्यांना बाजूला ठेवून केलेली कोणतीही सुधारणा कागदावरच राहील. युनिकोडमध्ये टाइप करणे आणि हस्तलिखितात दिलेली खूण जशीच्या तशी मजकुरात घालणे एवढेच त्यांना शिकायचे आहे. त्यांचा वेळ वाचेल आणि सतरा वेळा तळटिपा दुरुस्त करण्याची कटकटही संपेल.

नोंदसूचीची व्यवस्था कशी असावी, याबद्दल ग्रंथपाल म्हणून माझे मत असे. झोटेरोत गटाचे ग्रंथालय मोफत काढता येते. नोंदी कोण वाचू शकेल आणि कोण बदलू शकेल हे वेगवेगळे ठरवता येते. मोफत साठवण ३०० एमबीची आहे, पण ती जोडलेल्या फाइलींसाठी लागते, नुसत्या नोंदींना नाही. तेव्हा पैशाचा प्रश्न इथे जवळपास नाही. वाचन सर्वांना खुले, बदल करण्याचा हक्क ग्रंथपालांच्या एका लहान गटाला, आणि विद्यार्थ्याने पाठवलेली नवी नोंद त्या गटातल्या कुणीतरी प्रत हातात घेऊन तपासल्यावरच आत. या नोंदींची फाइल दर महिन्याला विद्यापीठाच्या संकेतस्थळावरही ठेवावी, म्हणजे उद्या झोटेरो बंद पडले तरी सूची बुडणार नाही. ती साधी मजकुराची फाइल असल्यामुळे कोणत्याही एडिटरला चालेल.

एका माणसाच्या चिकाटीतून काय होऊ शकते, याचा पुरावा मराठीत आहे. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली आणि पुढे १९५० पर्यंत ती वाढवली. संगणक नव्हता, डीओआय नव्हता. आज खानदेशापुरते तेवढेच काम करायला तीन जिल्ह्यांतली महाविद्यालयांची ग्रंथालये आणि त्यांत बसलेली प्रशिक्षित माणसे आहेत. दात्यांच्या सूचीत जे खानदेशाविषयीचे आहे ते तर जवळपास आयते मिळेल, फक्त प्रत बघून युनिकोडमध्ये उतरवायचे.

सुरुवात कशाने करावी हेही सुचवतो, म्हणजे पहिल्या बैठकीत चर्चेतच वेळ जाणार नाही. राजवाड्यांचे बावीस खंड, प्रत्येकाची स्वतंत्र नोंद, प्रकाशनस्थळ आणि सालासह. 'संशोधक'च्या सर्व अंकांची अनुक्रमणिका, लेखनिहाय. यासाठी राजवाडे मंडळाशी रीतसर बोलून त्यांच्या नावासह काम करावे, श्रेय त्यांचेच असावे. १८८० चे गॅझेटियर आणि नंतरची जिल्हा गॅझेटियरे. ग्रियर्सनचा नवव्या खंडाचा तिसरा भाग. बहिणाबाई, बालकवी, साने गुरुजी, नेमाडे यांच्या ग्रंथांच्या पहिल्या आणि हाताशी असलेल्या आवृत्त्या, वेगवेगळ्या. शोधगंगेवरचे खानदेशविषयक प्रबंध. रेल्वे, केळी, कापूस आणि तापी खोऱ्यावरचे अहवाल त्यानंतर घेता येतील. त्यांतले पुष्कळसे भुसावळ-जळगावच्याच कपाटांत आहेत आणि त्यांच्या नोंदी करायला आमच्यासारखे लोक तयार आहेत.

आपण संमती दिली तर भुसावळ तालुक्यातल्या ग्रंथालयांतले काम मी अंगावर घेतो. शीर्षकपानाचे छायाचित्र, तपासलेली नोंद आणि ती कुठल्या प्रतीवरून केली त्याचा दाखला, अशा रूपात ते आपल्या ग्रंथालय विभागाकडे येईल. येत्या उन्हाळी सुटीआधी एक बैठक बोलवावी, तिला राजवाडे मंडळाचे प्रतिनिधी, तिन्ही जिल्ह्यांतले चार-पाच ग्रंथपाल, मराठी-इतिहासाचे मार्गदर्शक आणि एखादा डीटीपीवाला असावा, अशी विनंती आहे.



आपला नम्र,
एक ग्रंथपाल, भुसावळ